महिन्यानं थोरला स्लॅकवेअर

हे लिहायला बसलो याबद्दल आधी सर्वांची माफी मागतो. माझ्याआधी आमच्या घरातलं कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. (वैशालीताई नर्सिंगच्या कोर्सला गेली होती, पण आमच्या भावकीच्या मते ते शिक्षण नव्हे, इंजेक्शन.) वडील, म्हणजे अण्णा, मार्केट यार्डात तोलार आहेत, म्हणजे पोती काट्यावर तोलतात. त्यांनी आयुष्यात लिहिलेला सर्वांत लांब मजकूर म्हणजे कांद्याच्या पोत्यावर निळ्या रंगाने मारलेली खूण. ती शंभर पावलांवरून वाचता येते आणि तिच्यामुळे आजवर कोणाचं लग्न अडलेलं नाही. माझ्या लिखाणाबद्दल एवढं छातीठोकपणे सांगता येत नाही.

मी बीएस्सी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला होतो. सरांनी सेमिनारला विषय दिला होता: लिनक्सची वंशावळ. लिनक्सची जी वेगवेगळी घराणी आहेत, ज्यांना डिस्ट्रो म्हणतात, ती कोणापासून निघाली आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय, हे चार्ट लावून दहा मिनिटांत सांगायचं. शनिवार पेठेतला माझा मित्र मंदार म्हणाला, “तू? लिनक्सवर? बरं.” त्या ‘बरं’मध्ये माझा निकाल लागलेला होता. फक्त गुणपत्रिका छापायची बाकी होती.

आता, वंशावळ म्हटल्यावर मी घाबरायचं कारण नव्हतं. मी वारज्याचा. आमच्याकडे पोराला पाढे येण्याआधी भावकी येते. थोरली पाती, मधली पाती, धाकटी पाती. कोण कोणाच्या आधी जेवायला बसतो, कोणी कोणाशी का बोलायचं नाही, सगळं पाठ! आणि लिनक्स वाचायला घेतल्यावर मला तर गहिवरूनच आलं. ही तर आमचीच माणसं! विहीर एकच. तिला ते कर्नल म्हणतात. प्रत्येक घर त्याच विहिरीचं पाणी उचलतं, पण मोटर आपली, पाइप आपला, आणि ‘आमच्या पाण्याला जी चव आहे ती त्यांच्या पाण्याला नाही’ हे सांगायला माणूस आपला. कॉलेजात लिनक्सवाल्यांची एक टोळी होती. ती कॅन्टीनमध्ये यावरून एकमेकांची गचांडी धरायची. त्यातल्या एकाच्याही मशीनवर आवाज येत नव्हता. स्पीकर मुके आणि मालक वाचाळ, अशी त्यांची स्थिती होती.

फक्त ही इंग्रजी नावं काही माझ्या डोक्यात राहीनात. म्हणून मी एक युक्ती केली. मोठ्या चार्टपेपरवर स्केचपेनाने चौकटी काढल्या, बाण काढले, आणि प्रत्येक नावाखाली पेन्सिलीने आमच्या भावकीतला त्या स्वभावाचा माणूस लिहून ठेवला. पाठ झालं की खोडणार होतो. आई शपथ, खोडणार होतो!

डेबियनखाली लिहिलं: “तात्या. हो म्हणायला दोन वर्षं. पण म्हटलं की मोडत नाही.” तात्या म्हणजे आमच्या थोरल्या पातीचे प्रमुख. स्लॅकवेअरखाली आबा, अण्णांचे चुलते आणि आमच्या धाकट्या पातीचे मुख्य: “सगळं हातानं करतो. कोणाचं ऐकत नाही.” रेड हॅटखाली मधल्या पातीचे बबनकाका: “पूर्वी सगळ्यांत बसायचे. आता फक्त बड्या साहेबांशी बोलतात.” रेड हॅटमधून निघालेल्या मँड्रेकखाली बबनकाकांचा पिंट्या: “माल बापाचाच, वरून रंग.” स्लॅकवेअरमधून निघालेल्या जर्मन सूझेखाली अण्णा: “मुकाट काम.” आणि नॉपिक्स नावाचं एक लिनक्स आहे. ते मशीनवर बसवावं लागत नाही. सीडी घातली की दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चालतं आणि काढली की मागं काही राहत नाही. त्याच्याखाली मी आत्याचे यजमान, आमचे दत्तूमामा यांना घातलं: “स्वतःच्या घरी कधीच नसतो. दुसऱ्याच्या घरात शिरतो, तिथलंच सगळं वापरतो, मागं काही ठेवत नाही.”

इतकं चपखल काम माझ्या हातून त्याआधी झालं नव्हतं. नंतरही नाही.

सेमिनार मंगळवारी होता. आदल्या रविवारी आमच्या घरी ताईची सुपारी फुटायची होती. आमच्यात मुलाकडची मंडळी येतात, भावकी जमते, थोरल्या पातीचा माणूस पहिला नारळ हातात घेतो, सुपारी फोडतात आणि लग्न पक्कं होतं. मुलगा खडकवासल्याचा, चिंचवडला कंपनीत कामाला. ताईला तो आवडला होता. मुख्य म्हणजे तिची रात्रपाळी त्याच्या घरच्यांना चालणार होती. याआधीच्या तीन घरांनी “रात्रीची बाहेर?” एवढंच विचारून पोह्यांच्या रिकाम्या बशा खाली ठेवल्या होत्या.

अकराला पाहुणे यायचे होते. दहाला अण्णांनी मला पेढे आणायला पिटाळलं. तेवढ्या वेळात आईचं लक्ष पाहुण्यांच्या बैठकीमागच्या भिंतीकडे गेलं. ओल येऊन तिथे भारताच्या नकाशाएवढा पोपडा निघाला होता. आईने कपाटावरची माझी गुंडाळी उघडली. आईला इंग्रजी येत नाही आणि पेन्सिलीचं बारीक अक्षर चष्म्याशिवाय दिसत नाही. तिला दिसल्या रंगीत चौकटी. “पोपडा बी झाकंल आन् पोराचं शिक्शान बी दिसंल,” म्हणत तिने खळीने चार्ट भिंतीला डकवला!

मी पेढे घेऊन परत आलो तर सगळी भावकी पाहुण्यांच्या जागेकडे तोंड करून उभी, आणि पिंट्या मोठ्याने वाचत होता.

“माल बापाचाच, वरून रंग! आयला संत्या, हे आपलं नाव हाय की!”

माझ्या हातातला पेढ्यांचा पुडा घामाने ओला झाला. पण पिंट्या खूश होता. “जरा फिनिशिंग हायच आपलं,” म्हणत त्याने केसांवरून हात फिरवला. बबनकाका पुढे सरकले आणि स्वतःची चौकट दोनदा वाचून म्हणाले, “बड्या साहेबांशी बोलतात... आता हाय ते हाय. पोरानं खोटं न्हाई लिवलं.” दत्तूमामांनी तर मला जवळच घेतलं. “मागं काही ठेवत नाही! बघा. ताटात टाकायची सवयच न्हाई मला. एवढं एका पोराच्या ध्यानात आलं, तुमच्या न्हाई आलं!”

मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. ज्या माणसांना शिवी द्यायची तर नोटीस पाठवून कळवावी लागेल, अशा माणसांत मी जन्माला आलो होतो! पण देवाचे आभार नेहमी कार्यक्रम संपल्यावर मानावेत.

तात्या चार्टसमोर उभे होते. त्यांनी चष्मा पुसला. “हो म्हणायला दोन वर्षं,” त्यांनी वाचलं. “बरोबर हाय. घाईत माणूस फसतो.” मग त्यांचं बोट वर सरकलं. “ह्यो वरचा कोन?”

“ते आबा,” मी म्हणालो.

“वर का?”

“तात्या, ते वर म्हणजे... चार्टमध्ये वर जुनं आणि खाली नवं. स्लॅकवेअर जरा आधी निघालं. महिनाभरच.”

“म्हंजी आबा माझ्यापरीस थोरला?”

तात्या आणि आबा अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण शेताच्या बांधावरून होतं. तो बांध पुढे हायवेखाली गेला. भांडण मात्र वर राहिलं. कोपऱ्यात बसलेले आबा हळूच म्हणाले, “कागदावर हाय तर असंल. शिकलेलं पोरगं खोटं लिवंल व्हय?”

“तुझ्याच पातीचं पोरगं!” तात्या गरजले. “तू लिवायला लावलंस!”

“तात्या, महिन्याचाच तर फरक आहे,” मी म्हणालो. (मला अजूनही वाटत होतं की माहिती दिली की माणसं शांत होतात. कॉलेजात हेच शिकवतात.)

“इस मिनटांचा असला तरी थोरला त्यो थोरला!”

“पण यात कोणी थोरलं-धाकटं नाहीच! डेबियन स्लॅकवेअरमधून निघालेलं नाही. दोन्ही स्वतंत्र आहेत. एकमेकांशी काही संबंध नाही.”

यावर पहिल्यांदा आबा उठून उभे राहिले. “संबंध न्हाई म्हंजी? आमचा बाप येगळा म्हन्तोस का काय?”

“नाही, नाही! मूळ एकच आहे. कर्नल एकच आहे. मूळ पुरुष एकच आहे.”

“कोन मूळ पुरुष?” तात्यांनी विचारलं.

इथे मी “आपले पणजोबा” म्हणालो असतो तर सुपारी त्याच दिवशी फुटली असती. पण सेमिनारची तयारी इतकी पक्की झाली होती, की तोंडातून खरं उत्तर निघून गेलं.

“फिनलंडचा एक विद्यार्थी.”

अण्णांनी डोळे मिटले. बबनकाकांनी “ह्यो फिनलंड कुठं आला?” असं विचारलं आणि पिंट्याने “मुळशीच्या पुढं” असं सांगितलं. दत्तूमामा माझ्या मदतीला धावले. ते मदतीला धावले की आमच्याकडे बायका देवाला दिवा लावतात. “आवो तात्या, ह्यात वाटन्या कशा करत्यात ते तर इचारा पोराला!” मीही बावळटासारखा सांगत सुटलो की लिनक्समध्ये वेगळं व्हायला ना तलाठी लागतो ना कोर्ट, सगळ्याची नक्कल घ्यायची, नवं नाव द्यायचं आणि निघायचं, पहिल्या घराकडे त्याचं सगळं जसंच्या तसं राहतं.

“सगळं राहतं?” आबा म्हणाले. “वाटनी करून बी?”

“सगळं.”

“आन् ही वाटनी आमाला कुनी सांगितली न्हाई!” आबांनी तात्यांकडे अशी नजर टाकली, की जणू तात्यांनी ती नक्कल अकरा वर्षं उशाखाली दाबून ठेवली होती.

तात्या बाहेर पडले. सरळ घरी गेले असते तरी चाललं असतं. पण नाही! समोर बिल्डरने वाळूचा ढीग टाकला होता. तात्या त्या ढिगावर, नवाकोरा फेटा बांधून, आमच्या दाराकडे पाठ करून, पण दारातून नीट दिसतील असे बसले. रुसणं दिसलं नाही तर ते रुसणं कसलं!

आणि तेवढ्यात खडकवासल्याची जीप आली.

मुलाचे वडील आत आले, टेकले, पाणी प्यायले, आणि त्यांनी साधा प्रश्न विचारला, “ते बाहेर वाळूवर बसलेत, ते कोन?”

अण्णांना खोटं बोलता येत नाही. काट्यावर उभं आयुष्य गेलेला माणूस! ते म्हणाले, “आमच्या थोरल्या पातीचे.”

“मग नारळ घ्यायला आत कोन बसलंय?”

“थोरलाच,” तात्यांच्या जागेवर ऐसपैस मांडी घालून बसलेले आबा म्हणाले.

“दोन थोरले?”

“एक घरचा, एक कॉम्प्युटरचा,” दत्तूमामांनी खुलासा केला, आणि पेढ्यांचा पुडा आपल्याकडे ओढला.

पाहुण्यांनी पोहे खाल्ले, चार्टकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं. सुपारी तबकात तशीच राहिली. जाताना मुलाचे वडील अण्णांना सौम्यपणे म्हणाले, “पोरगी आमाला पसंत हाय. पन तुमची भावकीच एक नसंल तर उद्या कायबी झालं तर आमी बोलायचं कुनाशी? पंधरा दिसांत काय ते ठरवून कळवा. न्हाईतर अजून एक ठिकान बगायचं हाय आमाला.”

जीप गेल्यावर ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती अगदी ड्युटीवरच्या आवाजात म्हणाली, “संतोष, ते वरच्या चौकटीतलं नाव काय?”

“स्लॅकवेअर.”

“कमावतं आहे का?”

“ताई, ते फुकट असतं गं.”

“मग त्याच्याशीच लाव आता माझं लग्न. रात्रपाळीला त्याची काही हरकत नसेल.”

मी ठरवलं, की हे मी बिघडवलं, मीच दुरुस्त करणार. (या वाक्यानंतर माझ्या आयुष्यात आजवर काहीही दुरुस्त झालेलं नाही.) सोमवारी सकाळी मी तात्यांकडे गेलो. आदल्या दिवसापासून एक खरा मुद्दा माझ्या हाती होता. “तात्या,” मी म्हणालो, “स्लॅकवेअर महिन्याने आधी असेल. पण त्याचा वंश वाढला किती? मोजकीच पोरं. आणि डेबियन! त्याच्यातून किती निघाले, त्यांच्यातून आणखी निघाले. सगळ्यांत मोठा विस्तार तुमचाच.”

तात्यांचा चेहरा उजळला. त्यांनी काकूंना चहा टाकायला सांगितलं. “असं हाय व्हय? मग कोन कोन हायत माझ्यात?”

मला वाटलं जिंकलो. घाईघाईने म्हणालो, “हे बघा ना, नॉपिक्स तुमच्यातूनच निघालं.”

“ते कोन?”

“दत्तूमामा.”

आतून स्टोव्ह बंद केल्याचा आवाज आला.

“दत्तू? माझ्या वंशात?” तात्या उठलेच. “त्यो जावई हाय! खातो कुठं, झोपतो कुठं, पत्ता न्हाई; त्याला माझ्या पोटी घालतोस? काल मला वरनं खाली आणलंस, आज ह्यो गळ्यात बांधलास! उद्या काय करनार हायस?”

दुपारपर्यंत ही बातमी दत्तूमामांपर्यंत पोचली. मग दत्तूमामाही रुसले. ‘मला थोरल्या पातीने नाकारलं’ असं सांगत ते रुसून आमच्याच घरी राहायला आले.

आता भावकीतले तीन जण फिरले होते आणि तिघांना फिरवणारा एकच होता. संध्याकाळी अण्णा यार्डातून आले, पाय धुतले, आणि जेवताना एवढंच म्हणाले, “संतोष, तुझा तो शनिवारातला दोस्त हाय ना, त्याच्याकडं काही दिवस अभ्यासाला जा.”

“किती दिवस?”

“मी निरोप धाडीपर्यंत. आन् हिकडं फोन करू नको. तू फोनवर बी समजावून सांगशील.”

मंदारच्या आईने मला दारात पाहिलं आणि विचारलं, “अभ्यासाला आलायस की राहायला?” मी चाचरत “अभ्यासाला” म्हणालो. “मग वळकटी कशाला?” त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. दार मात्र उघडं ठेवलं. शनिवार पेठेत याला आग्रह म्हणतात.

मंगळवारी सेमिनार झाला. चार्ट भिंतीवरून सोलून आणला होता, त्यामुळे उजव्या कोपऱ्याला आमच्या भिंतीचा थोडा रंगही आला होता. पेन्सिल मी सगळी खोडली होती. म्हणजे मला तसं वाटलं होतं. मी विहीर सांगितली, मोटर सांगितली, वाटणी सांगितली. सर चष्मा वर करून चार्टजवळ गेले.

“डेबियनखाली हे ‘तात्या’ कोण?”

मागच्या बाकावरून मंदार शांतपणे म्हणाला, “त्यांच्यातले कोणी ज्येष्ठ असतील, सर.”

सरांनी दहापैकी चार गुण दिले आणि शेरा मारला: ‘नातेसंबंध स्पष्ट. विषय नाही.’

त्यानंतर दहा दिवस मी निरोपाची वाट पाहिली. रस्त्यावर मोटारसायकल वाजली की मी खिडकीशी. ताईचं काय झालं असेल या विचाराने मला घास गिळवत नव्हता, आणि मंदारची आई म्हणत होती, “आवडत नसेल तर सांग, थोडंच वाढते.” पंधरा दिवसांपैकी अकरा संपले, बारा संपले. मला स्वप्नात वाळूचे ढीग दिसायला लागले, आणि त्या प्रत्येकावर एकेक नातेवाईक.

तेराव्या दिवशी खाली हॉर्न वाजला. पिंट्या आला होता. मी दोन-दोन पायऱ्या गाळत खाली पोचलो.

“फुटली,” पिंट्या म्हणाला.

“काय फुटलं?”

“सुपारी रे! काल. लग्न ठरलं ताईचं.”

“पण तात्या? आबा?”

“दोघंबी एका सतरंजीवर होते. तात्यांनी नारळ घेतला, आबांनी ताट धरलं.”

मी थक्क! अकरा वर्षांची अढी सुटली कशी?

“बैठक बसली होती ना परवा,” पिंट्या म्हणाला. “चूक कोणाची, थोरल्या पातीची का धाकट्या, यावर. तात्या म्हणले, आपली न्हाई. आबा म्हणले, आपली बी न्हाई. मग दत्तूमामा म्हणले, मग ऱ्हायलं कोन? तशी सगळी एकदम म्हणली, त्यो संत्या! एक माणूस विरोधात न्हाई गेला. पाहुण्यांना तेच कळवलं. ते म्हणले, एवढी एकी हाय तर आमाला काय अडचण?”

“आणि अण्णा?”

“अण्णांनी बी हात वर केला. पण अर्धाच.”

पिंट्याने गाडीला किक मारली, मग आठवून परत बंद केली. “तारीख बी धरली. अठ्ठावीस.”

“अठ्ठावीस? अरे, त्या दिवशी माझा पेपर आहे!”

“ठाऊक हाय सगळ्यांना,” पिंट्या म्हणाला. “तात्यांनी आन् आबांनी तुझं टाइमटेबल मागवूनच धरली. पन ताई म्हणलीय, पेपर दोनला सुटतो, तवा जेवायला ये. वरात निघायच्या आत पोच. फकस्त येताना कागद-पेन्सिल घेऊन येऊ नको.”